मुलं फोनवर शिकतातच, मग आपलं का उघडत नाहीत?

पोलीस भरतीच्या तयारीत असलेला एस.वाय.चा (पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा) मुलगा रात्री साडेदहाला टेलिग्रामवर चालू घडामोडींची क्विझ सोडवतो, चुकलेल्या प्रश्नाखालचं स्पष्टीकरण वाचतो, उद्यासाठी पीडीएफ उतरवून ठेवतो. त्याच मुलाला गूगल क्लासरूममधली युनिट दोनची नोट उघडायला आठवडा लागतो. फोन तोच, रिचार्ज तोच. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या वर्गांचा अभ्यास मोबाइलवरून चालवताना आम्हा शिक्षकांचं बरंचसं डोकं या एकाच कोड्यात खर्च होतं. ‘विद्यार्थ्यांना मोबाइलवर शिकायला आवडतं का?’ हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. आवडतं. आपण दिलेलं का उघडत नाहीत, एवढंच विचारायचं उरतं.

भरतीच्या क्विझमध्ये काय असतं ते नीट पाहिलं तर बरंच कळतं. परीक्षा त्याने स्वतः निवडलेली असते. उत्तर बरोबर की चूक हे त्याच क्षणी कळतं. आणि त्याच वेळी शेकडो जण तेच प्रश्न सोडवताहेत हे समोर दिसत असतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या आतून येणाऱ्या प्रेरणेच्या तीन गरजा मांडल्या: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपण कोणात तरी आहोत असं वाटणं. क्विझमध्ये तिन्ही आहेत, आपल्या नोटमध्ये एकही नाही. शिवाय मुलाला आज ॲप उघडायला लावणारी गोष्ट एक असते आणि दहाव्या आठवड्यातही उघडायला लावणारी दुसरी. उघडायला गुण पुरतात, टिकायला पुरत नाहीत. पुढे लिहिलंय ते एका सत्राचं काम, ज्या क्रमाने करावं लागतं त्या क्रमाने.

पहिलं काम पाहणीचं, आणि ती कागदावर. गूगल फॉर्म सोपा पडतो, पण तो भरतं कोण? ज्याच्याकडे चालू रिचार्ज आहे, चालता फोन आहे आणि ग्रुप बघायची सवय आहे तो. ज्यांच्या अडचणी समजून घ्यायच्या, नेमके तेच त्यातून गळतात आणि ‘सगळी मुलं तयार आहेत’ असा गोड निकाल हाती येतो. म्हणून पाठपोट छापलेला एक कागद, तासाला वाटलेला, नाव आणि रोल नंबर न घेता, पंधरा मिनिटांत भरून परत. प्रश्न आवडीचे नकोत, परिस्थितीचे हवेत. फोन स्वतःचा की घरातला? घरातला असेल तर हातात किती वाजता येतो? स्टोरेज किती शिल्लक आहे (सेटिंगमध्ये जाऊन, बघून लिहा)? रोजचा डेटा किती? रिचार्ज संपल्यावर पुढचा कधी होतो, लगेच की पगार झाल्यावर? घरी रेंज कुठे मिळते: खोलीत, ओट्यावर, गच्चीवर की गावाबाहेर रस्त्यावर? इअरफोन आहे का? गेल्या सात दिवसांत फोनवर अभ्यासाचं नेमकं काय काय केलं?

या शेवटच्या प्रश्नातच खरी माहिती निघते. ‘तुम्ही रोज किती वेळ मोबाइलवर अभ्यास करता?’ याचं उत्तर सगळे अंदाजे आणि फुगवून देतात. फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगच्या पानावरचे (कोणतं ॲप किती वेळ वापरलं ते दाखवणारे) आकडे ज्यांनी स्वखुशीने दाखवले, त्यांचं सांगणं आणि वापर यांत मोठी तफावत निघते. यात लबाडी कमी असते, माणसाला स्वतःच्या वेळेचा अंदाज नसतो.

प्रेरणा मोजायची असेल तर दहा-बारा विधानं आणि ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच घरं पुरतात. विधानं मुलं बोलतात तशी असावीत. ‘मोबाइल अध्ययनाचा अवलंब करण्याचा माझा मानस आहे’ असल्या वाक्यावर मुलं डोळे मिटून सगळीकडे ‘सहमत’ करतात. ‘पुढच्या सत्रातही मी हे ऑडिओ ऐकेन’ असं लिहिलं की विचार करतात. उलट्या अर्थाची दोन विधानं मध्ये घालावीत, म्हणजे न वाचता खुणा करणारे ओळखू येतात. मात्र त्यांत ‘नाही असं वाटत नाही’सारखा दुहेरी नकार येऊ देऊ नये. क्रोनबाक अल्फा (सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजताहेत का, हे सांगणारा आकडा) ०.७० च्या खाली घसरला की सल्लागार नमुना, म्हणजे कागद भरणाऱ्यांची संख्या, वाढवायला सांगतात. आधी ती दोन वाक्यं तपासावीत, दोष बहुधा तिथेच सापडतो.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणक वापराबद्दल दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: हे आपल्या उपयोगाचं आहे असं वाटणं आणि हे वापरायला सोपं आहे असं वाटणं. त्यांच्या अभ्यासात वापराशी जास्त घट्ट नातं उपयोगाचं निघालं. आमच्या वर्गांतही चित्र तसंच असतं. जाहिरातींनी बुजबुजलेलं, दर दोन मिनिटांनी अडकणारं भरतीचं ॲप मुलं सोसतात, कारण त्यातून काही मिळणार आहे. देखणं, सोपं पण परीक्षेशी संबंध नसलेलं ॲप पहिल्या आठवड्यातच काढून टाकतात, कारण स्टोरेज भरलेलं असतं. ३२ जीबीच्या जुन्या फोनमध्ये नवीन ॲप बसवायचं म्हणजे एखादं जुनं काढायचं, आणि त्या लढतीत आपलं ॲप हरणारच. त्यामुळे नवीन ॲप घ्यायला लावू नये. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे, गूगलची बरीच ॲप बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीच असतात आणि क्लासरूम ब्राउझरमध्येही उघडतं. त्यातच भागवावं.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र शिक्षकांच्या हौसेने होतं. सहा विषय, सहा शिक्षक. एकाचा टेलिग्राम चॅनेल, दुसऱ्याचं क्लासरूम, तिसऱ्याचं स्वतःचं यूट्यूब, चौथ्याचा ब्लॉग. मुलाला काय कुठे टाकलंय हे शोधण्यातच दमायला होतं. हा निर्णय विभागाने, शक्यतो महाविद्यालयाने, सत्र सुरू होण्याआधी एकदाच घ्यावा. आमची विभागणी अशी: सूचना आणि ऑडिओ व्हॉट्सॲपवर, जमा करायचं सगळं क्लासरूममध्ये, तिसरं ठिकाण नाही. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुली ग्रुप सोडतात किंवा भावाचा नंबर देतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये किंवा चॅनेलवर इतर सदस्यांना नंबर दिसत नाही. वर्गासाठी तेच वापरावं.

पहिल्या आठवड्यात एक तास फक्त लॉगिनसाठी द्यावा लागतो. वेळ वाया जातोय असं वाटतं, पण जीमेलचं खातं पुष्कळदा मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्याच्याच वहीत असतो. कोणाची तीन खाती असतात, क्लासरूमला एक जोडलेलं आणि फॉर्म दुसऱ्यातून उघडलेला, मग ‘परवानगी नाही’ असं दिसतं आणि मुलगा गप्प बसतो. पासवर्ड बदलणं, रिकव्हरीला स्वतःचा नंबर घालणं, खात्याचं नाव ‘राजाबाबू’ वरून खऱ्या नावावर आणणं हे वर्गातच उरकावं. त्याच तासात व्हॉट्सॲपचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करायला शिकवावं. सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फुलांनी डेटा खाल्ला नाही तर ऑडिओला जागा उरते.

आता मजकूर. ए-फोर पानावर १२ पॉइंटमध्ये टाइप केलेली नोट फोनवर कशी दिसते याचं गणित सोपं आहे. पान २१ सेंटिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७. म्हणजे अक्षर एक तृतीयांश, ४ पॉइंटचं. जोडाक्षरं आणि वेलांट्या त्यात मिसळून जातात. मग मुलगा पान मोठं करतो, प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे सरकवतो आणि दुसऱ्या पानावर सोडून देतो. वर्डमध्ये पानाचं माप ९ बाय १६ सेंटिमीटर, समास अर्धा सेंटिमीटर, अक्षर १२ पॉइंट असं ठेवून पीडीएफ काढली की बोटाने फक्त वर सरकवायचं उरतं. एका मुद्द्याला आठ-दहा पानं, त्याहून जास्त नाही. रुंद तक्ते दोन भागांत तोडावेत.

जुन्या फॉन्टचा प्रश्न मराठी विभागांत अजून आहेच. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल फोनवर गेली की नुसती चिन्हं दिसतात. पीडीएफ केली तर दिसायला बरी, पण त्यात शब्द शोधता येत नाही, कॉपी केला तर कचरा येतो, आणि टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला तर काहीच वाचून मिळत नाही. युनिकोडशिवाय पर्याय नाही. हाताने लिहिलेली पानं द्यायची असतील तर कॅमेऱ्याने थेट फोटो काढू नये, एकेक फोटो तीन-चार एमबीचा होतो. स्कॅनिंग ॲपमध्ये काळा-पांढरा पर्याय निवडला की तेच पान काहीशे केबीत बसतं.

लांब वाचन फोनवर लादू नये, हेही इथेच सांगायला हवं. २०१८ मध्ये डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले. माहितीपर मजकूर वेळेच्या दबावाखाली वाचायचा असेल तर कागदावर आकलन चांगलं होतं असं त्यात निघालं. चाळीस पानांचं प्रकरण झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेलं बरं.

फोनवर सगळ्यांत जास्त चालतो तो ऑडिओ. एसटीत उभ्याने, गोठ्यात, दुकानाच्या गल्ल्यावर, पोळ्या करताना, जिथे डोळे आणि हात मोकळे नसतात तिथे कान मोकळे असतात. ३२ केबीपीएसची मोनो एमपीथ्री मिनिटाला सुमारे २४० केबी घेते, म्हणजे आठ मिनिटांची फाइल दोन एमबीच्या आत. तेवढाच व्हिडिओ ४८०पी मध्ये त्याच्या वीसपट जागा सहज मागतो. रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही: पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर पण अगदी समोर न धरता जरा बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’चा वारा माइकवर आदळत नाही. ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, नाहीतर एसटीच्या इंजिनात हळू बोललेली वाक्यं बुडतात आणि नेमकी व्याख्या तिथेच असते. व्हॉइस नोट म्हणून पाठवू नये, ती महिन्याने सापडत नाही. नाव दिलेली फाइल पाठवावी: एफवाय, अर्थशास्त्र, युनिट दोन, क्रमांक तीन, मागणीची लवचिकता.

लांबीबद्दल फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम उपयोगी पडतं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ सत्रं त्यांनी तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक मध्यमानाने सहा मिनिटांच्या पुढे टिकत नसल्याचं दिसलं. आम्ही ऑडिओला आठ मिनिटांची मर्यादा घालतो. तासाचं व्याख्यान रेकॉर्ड करून त्याचे आठ तुकडे पाडणं हा मात्र आळस, आणि तो ऐकू येतो. प्रत्येक तुकड्याला स्वतःची सुरुवात, एक उदाहरण आणि शेवटी एक प्रश्न हवा.

व्हिडिओ टाकायचाच असेल तर वेळ साधावी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये उरलेला डेटा रात्री बाराला जातो. त्यामुळे अकराच्या सुमारास मुलं उरलेला डेटा वापरायला काहीतरी शोधतच असतात. जड फाइल साडेदहाला टाकली तर उतरवली जाते. सकाळी अकराला टाकली तर ‘नंतर बघू’ या ढिगात जाते.

प्रत्येक ऑडिओमागे पाच प्रश्न. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर देण्याने आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. पण मुलं क्विझ सोडवतात ती स्मरणाच्या सिद्धांतासाठी नव्हे, लगेच निकाल मिळतो म्हणून. गूगल फॉर्म क्विझ म्हणून बनवताना गुण ‘लगेच जाहीर’ ठेवावेत, पर्यायांचा क्रम बदलता ठेवावा, आणि चुकीच्या उत्तरासाठीच्या फीडबॅकच्या रकान्यात एक ओळ लिहावी: ‘तुम्ही बहुधा किंमत आणि मागणी यांच्या बदलाचं गुणोत्तर उलटं घेतलंत.’ ही ओळ लिहायला प्रश्न बनवण्याइतकाच वेळ लागतो आणि म्हणून जवळजवळ कोणीच लिहीत नाही. दुसरी क्विझ सोडवायला मुलगा परत येतो तो या ओळीमुळे. कोणीतरी त्याची चूक ओळखली, असं त्याला वाटतं.

गुणांबद्दल. अंतर्गत मूल्यमापनातले पाच गुण आम्ही नियमितपणाला देतो, बरोबर उत्तरांना नाही. बारा क्विझपैकी कोणत्याही दहा मुदतीत दिल्या की पूर्ण गुण. दोन सोडण्याची मुभा महत्त्वाची: फोन दुरुस्तीला जातो, घरात लग्न असतं. बरोबर उत्तरांना गुण ठेवले की दहा मिनिटांत उत्तरांचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो, आणि त्यात मुलांचा दोष कमी. आपणच कॉपीला किंमत लावलेली असते. गुण शून्य केले तर उलट होतं. पहिल्या दोन क्विझ उत्साहात, तिसरीला निम्मा वर्ग. पाच गुण म्हणजे दार ढकलण्यापुरता हात. वीस केले तर पालक आणि परीक्षा विभाग दोघेही दारात येतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घसरण येतेच. आम्ही आधी तिला कंटाळा म्हणायचो. पाहणीतल्या रिचार्जच्या उत्तरांशी ताडून पाहिल्यावर दिसलं की सत्राच्या सुरुवातीला मारलेला २८ दिवसांचा पॅक नेमका तेव्हा संपतो, आणि पुढचा लगेच होतोच असं नाही. चार दिवस खंड पडला की चार ऑडिओ आणि दोन क्विझ साचतात, आणि साचलेलं पाहून माणूस ते उघडायचंच टाळतो. अँकीड्रॉइडसारखं फ्लॅशकार्डचं ॲप वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो: रोज वीस नवी कार्डं या ठरलेल्या वेगाने चाललं आणि आठवडाभर खंड पडला की उजळणीची एवढी कार्डं समोर येतात की ॲपच काढून टाकलं जातं. तिथे नवी कार्डं रोज पाचवर आणावीत. वर्गासाठी उपाय एकच: चौथ्या आठवड्यात नवीन काही टाकायचं नाही. तसं आधीच्या वेळापत्रकात छापून द्यायचं, म्हणजे मागे पडलेल्याला कुठे गाठायचं ते ठाऊक असतं. पहिल्या सत्रात हा आठवडा बऱ्याचदा गणपतीत येतो, ते बरंच आहे.

वेळापत्रक छापून द्यावं असं म्हटलं त्याला आणखी एक कारण आहे. घरी मुलगी फोन घेऊन बसली की ‘अभ्यास करतेय’ यावर विश्वास बसेलच असं नाही. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, कोणत्या वारी कोणत्या विषयाचा किती मिनिटांचा मोबाइलवरचा अभ्यास आहे याचा एक कागद घरच्या भिंतीवर लागला की तो विश्वास बसायला मदत होते. हे कोणत्याही प्रेरणेच्या सिद्धांतात ठळक लिहिलेलं नसतं. घरचा एकच फोन वापरणाऱ्यांसाठी क्विझची मुदत रात्री दहाची नको, दुसऱ्या दिवशी दुपारची हवी. वडील कामावरून येतात तेव्हा कुठे फोन हाती लागतो.

शंका ग्रुपमध्ये कोणी विचारत नाही. शंभर जणांसमोर आपलं अज्ञान कोण लिहील? नाव न घेणारा गूगल फॉर्म कायम उघडा ठेवावा, त्यात शंका यावी, आणि उत्तर वीस-तीस सेकंदांच्या आवाजात सगळ्यांना एकदमच जावं. खासगी चॅटवर शिकवणं टाळावं. विद्यार्थिनी आणि शिक्षक दोघांच्याही दृष्टीने ते बरं नाही, आणि त्यात तेच उत्तर वीसदा लिहावं लागतं. उत्तराची वेळ जाहीर असावी, आमची रात्री साडेआठ ते नऊ. तीनदा वेळेवर उत्तर आलं की फॉर्ममधल्या शंका वाढतात. एकदा आठवडाभर उत्तर गेलं नाही की फॉर्म ओस पडतो आणि पुन्हा भरायला महिना लागतो. सगळ्या खटाटोपात मुलांना सर्वांत जास्त टिकवून धरणारी गोष्ट निवडायला सांगितली तर आम्ही हीच निवडू.

दुसरी म्हणजे फोनला नुसता पडदा न ठेवता साधन करणं. भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला फायफॉक्स हे ॲप, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं, फुकट आणि इंटरनेटशिवाय चालणारं. फोनचाच लंबक करायचा: कापडी पिशवीत फोन घट्ट बांधून, पिळा पडू नये म्हणून दोन दोऱ्यांनी टांगायचा, टांगलेल्या बिंदूपासून फोनच्या मध्यापर्यंत एक मीटर मोजायचं, दहा अंशांच्या आत झोका द्यायचा. ॲप गायरोस्कोपवरून (फोन फिरण्याचा वेग टिपणाऱ्या सेन्सरवरून) आवर्तनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, देतं, २.०१ सेकंदांच्या आसपास. ४π² गुणिले लांबी भागिले आवर्तनकालाचा वर्ग केलं की ९.७७ येतं. चूक ठरलेली: लांबी फोनच्या वरच्या कडेपर्यंत मोजली जाते. उभा टांगलेला सोळा सेंटिमीटरचा फोन असेल तर आठ सेंटिमीटर कमी धरले जातात आणि गुरुत्वत्वरण ९ च्या आसपास उतरतं. आपला आकडा शेजारच्या गटापेक्षा इतका वेगळा का, यावर जी चर्चा होते ती जर्नल उतरवून काढताना होत नाही. स्वस्त फोनमध्ये गायरोस्कोप नसतो. ते आधी ॲपमध्येच कळतं, म्हणून चौघांच्या गटात एक तरी चालणारा फोन येईल असे गट पाडावेत.

अर्थशास्त्राला ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर लासलगावच्या कांद्याची रोजची आवक आणि सर्वसाधारण दर महिनाभर टिपायला दिले की मागणी-पुरवठ्याचा वक्र पुस्तकातून बाहेर येतो. ज्यांच्या घरी कांदा आहे ती मुलं शिक्षकांना दुरुस्त करतात. वनस्पतिशास्त्राला फोटोवरून वनस्पती ओळखायला मदत करणारं आयनॅचरलिस्ट हे ॲप आहे. पान, फूल आणि खोड यांचे वेगवेगळे फोटो दिले नाहीत तर ओळख वंशापुरतीच थांबते.

काही गोष्टी आम्ही बंद केल्या. गुणानुक्रमाचा तक्ता, म्हणजे लीडरबोर्ड, त्यांतली पहिली. वरचे दहा खूश, त्यांना त्याची गरजही नव्हती. चाळिसाव्या क्रमांकावरच्याला दर आठवड्याला आपण चाळिसावे आहोत हे कळतं, आणि तो यायचं बंद करतो. प्रमाणपत्रंही तशीच. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात गूगल फॉर्मवर दहा प्रश्न सोडवा आणि ई-प्रमाणपत्र मिळवा असा पूर आला होता. पर्यावरण दिनापासून योग दिनापर्यंत, मेलवर रंगीत प्रमाणपत्रं पडत होती, आणि ती मूल्यांकनाच्या फायलींतही गेली. प्रमाणपत्र थांबलं तशा प्रश्नमंजूषाही थांबल्या. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना बक्षिसाचं आश्वासन देऊन पाहिलं होतं. नंतर बक्षीस नसताना तीच मुलं कमी चित्रं काढू लागली. विद्यापीठातली मुलं त्यांच्याहून फार वेगळी नसतात.

स्वयम (केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ) आणि एनपीटेल (त्यावर चालणारा आयआयटींचा उपक्रम) यांचे अभ्यासक्रम मात्र वेगळ्या जातीचे, कारण तिथे क्रेडिट आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात. नोंदणी फुकट असते आणि इथेच पहिली गफलत होते: नोंदणी म्हणजे परीक्षेचा फॉर्म नव्हे. एनपीटेलचा परीक्षेचा फॉर्म नंतर, वेगळा, विषयाला १००० रुपये भरून भरावा लागतो. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलत आहे, पण कागदपत्रं तेव्हाच जोडावी लागतात. असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५ गुण; प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. आमची क्विझ सोडण्याची मुभा तिथूनच उचललेली. गळती दोनदा होते, शुल्क भरताना आणि परीक्षा केंद्र दूर पडल्यावर. निवडलेला अभ्यासक्रम आपल्या अभ्यास मंडळाने आधी मान्य केलेला नसेल तर उत्तीर्ण होऊनही क्रेडिट लागत नाही, आणि मग पुढच्या बॅचला कोणी पटवू शकत नाही. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (मिळालेली क्रेडिट जिथे जमा होतात त्या) खात्यावरचं नाव आधारप्रमाणे असतं, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं. हा फरक नोंदणीच्या दिवशीच मिटवावा.

वर्गात फोन कधी हातात घ्यायचा याचाही नियम लागतो: तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत. आधी दिला तर क्विझच्या निमित्ताने उघडलेला फोन रील्सवर जातो, आणि परत आणायला शिक्षकाकडे काही उपाय नसतो.

सत्र संपताना पुन्हा तोच कागद, शेवटी एक प्रश्न जास्तीचा: यातलं काय बंद केलं तर तुम्हाला फरक पडणार नाही? ‘काय आवडलं’पेक्षा याची उत्तरं कामाची असतात. बहुधा व्हिडिओ जातात, ऑडिओ राहतात, शंकांची उत्तरं राहतात. आणि सगळ्या फायली विभागाच्या खात्याच्या ड्राइव्हवर ठेवाव्यात, शिक्षकाच्या खासगी खात्यावर नाही. तासिका तत्त्वावरचा शिक्षक पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात जातो, त्याचं खातं भरतं, तो फोल्डर पुसतो, आणि केटी लागलेली (विषय मागे राहिलेली) मुलं एप्रिलमध्ये ऑक्टोबरचा ऑडिओ शोधत येतात तेव्हा जुनी लिंक उघडत नाही.